एका डोळ्याचे शस्त्रवैद्य डॉक्टर डेनिस बर्किट

आमच्या परिचयाच्या एका खेडेगावच्या मंडळीत एक विधवा बाई आहेत. त्यांच्या मुलाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, तेव्हा त्यांनी आपले एक मूत्रपिंड त्यास दिले. शस्त्रक्रिया शहरातील इस्पितळात झाली व मायलेक दोघेही सुखरूप घरी आले. परंतु त्यानंतर मुलगा जेव्हा जेव्हा तपासणीस जाई, तेव्हा तेव्हा डॉक्टर त्याची मान, काखा व जांघा चाचपून पाहत. कोठे गाठ आली आहे काय, रात्री घाम सुटतो काय, वजन उतरले काय, असे विचारीत. हे पाहून घरची माणसे घाबरली. शेजाऱ्यापाजाऱ्यांत अशी कुजबुज सुरू झाली की आईच्याच अंगात काही दोष असावा, आणि तो तिच्या अवयवाबरोबर मुलात गेला असावा. कोणी असाही सल्ला दिला की, गोळ्यांपायी गाठी होण्याचे भय असेल तर गोळ्याच बंद कराव्या. ती माउली हे सर्व मनात घेऊन आमच्याकडे आली. आम्ही वैद्य नव्हे. तथापि जाणत्या डॉक्टरांस विचारून व पुस्तके चाळून जे समजले ते आम्ही तिला सांगितले. आणि ते सांगताना एका परलोकवासी सद्गृहस्थाचे नाव वारंवार तोंडी आले. त्यांचे चरित्र आमच्या वाचकांपुढे ठेवावे असे तेव्हाच मनात आले होते.

प्रथम रोगाविषयी दोन शब्द. पायात काटा मोडून पिकला म्हणजे जांघेत अवधाण येते, हे शेतकरी माणसास सांगावयास नको. जेथे अवधाण येते तेथे एक बारीक ग्रंथी असते. अशा शेकडो ग्रंथी मानेत, काखेत, छातीत व पोटात आहेत, आणि रक्तातील पांढऱ्या पेशींची ती ठाणी होत. रोगाचे बीज अंगात शिरले म्हणजे या पेशी तेथे जमतात, वाढतात व त्याच्याशी झुंजतात. काटा निघाला व जखम भरली की अवधाण बसते. परंतु याच पेशींतील एखादी बेबंद होऊन वाढू लागली, तर तिची गाठ बहुधा दुखत नाही आणि बसतही नाही. ती वाढतच जाते. हा एक प्रकारचा कर्करोग आहे व त्यास डॉक्टर लोक लिंफोमा म्हणतात. वडीलधाऱ्या मंडळींस गाठ म्हटले की प्लेगाची आठवण येते, पण प्लेगाचा व याचा काही संबंध नाही. ज्यांच्या अंगी दुसऱ्याचा अवयव बसविला आहे, त्यांस हा रोग इतरांपेक्षा अधिक होतो. तो का होतो हे ज्या शोधामुळे उमगले, त्याचा आरंभ कोणत्याही मोठ्या प्रयोगशाळेत झाला नाही. तो पूर्व आफ्रिकेतील युगांडा देशात, मुलांच्या रोग्यांच्या खोलीत झाला.

डेनिस पार्सन्स बर्किट यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९११ रोजी आयर्लंडच्या उत्तर भागातील एनिस्किलन गावी एका भाविक प्रॉटेस्टंट कुटुंबात झाला. वडील जेम्स बर्किट हे त्या परगण्याचे इंजिनियर होते. रस्ते व पूल हे त्यांचे काम. फावल्या वेळी त्यांनी एक निराळाच छंद लावून घेतला होता. त्या देशी रॉबिन नावाचा तांबड्या छातीचा लहानसा पक्षी आहे. आपल्या बागेत येणाऱ्या रॉबिन पक्ष्यांच्या पायांत ते धातूची कडी अडकवीत, आणि कोणता पक्षी कोणत्या हद्दीत राहतो व ती हद्द कशी राखतो, याचे नकाशे काढीत. शेजाऱ्यांस हा पोरखेळ वाटला असल्यास नवल नाही. पक्षिशास्त्राच्या जाणकारांनी मात्र या नकाशांची पुढे मोठी वाखाणणी केली. बापाची ही खोड मुलाच्या अंगी कशी उतरली हे वाचकांस लवकरच दिसेल.

डेनिस अकरा वर्षांचा असताना मुलांच्या दगडफेकीत एक दगड त्याच्या चष्म्यावर बसला, आणि काचेच्या तुकड्यांनी त्याचा एक डोळा गेला. अभ्यासात तो फारसा चमकला नाही. १९२९ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात तो वडिलांप्रमाणे इंजिनियरिंग शिकावयास गेला. तेथे काही विद्यार्थी एका खोलीत प्रार्थनेसाठी व शास्त्रवाचनासाठी जमत. त्यांच्या संगतीने त्याचे मन पालटले. आपले आयुष्य देवाच्या कामी लावावयाचे असे त्याने ठरविले व इंजिनियरिंग सोडून वैद्यकी धरली. १९३५ साली तो डॉक्टर झाला आणि १९३८ साली एडिंबरो येथील शस्त्रवैद्यांच्या मोठ्या परीक्षेत उतरला.

यापुढे आफ्रिकेत जावे असा त्यांचा मानस होता. त्यांनी वसाहत खात्याकडे अर्ज केला तो एकच डोळा असल्यामुळे नामंजूर झाला. मग दुसरे महायुद्ध आले. १९४१ साली सैन्याच्या वैद्यकीय पथकात त्यांची भरती झाली. तेथे मात्र डोळ्याची अडचण कोणास वाटली नाही. केनिया, सोमालीलँड व सिलोन येथे त्यांनी नोकरी केली, आणि रजेत युगांडा पाहिला. १९४३ साली ऑलिव्ह रॉजर्स नावाच्या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. युद्ध संपल्यावर १९४६ साली त्याच वसाहत खात्याने त्यांस युगांडात नेमले. या अवधीत त्यांस दुसरा डोळा फुटला नव्हता हे सांगणे नलगे.

त्यांची पहिली नेमणूक उत्तरेकडे लिरा येथे होती. त्या मोठ्या जिल्ह्यात शस्त्रवैद्य असे ते एकटेच. अंडवृद्धीचे पुष्कळ रोगी त्यांच्याकडे येत. त्यांनी काय केले, तर प्रत्येक रोगी कोणत्या गावचा हे विचारून लिहून ठेवले. असे आढळले की जिल्ह्याच्या पूर्वेकडे शंभर पुरुषांत तिसांच्या आसपास हा विकार आहे, आणि पश्चिमेकडे जेमतेम एकास. माणसे सारखी आणि राहणी सारखी, तरी असे का? डासांच्या द्वारे पसरणारा हत्तीरोगाचा किडा एकीकडे होता व दुसरीकडे नव्हता, हे त्याचे कारण निघाले. ही लहानशीच गोष्ट, पण रोग कोणास झाला याबरोबरच तो कोठे झाला हे विचारावे, ही त्यांची रीत येथे पक्की झाली. १९४८ साली त्यांची बदली कंपाला शहरी मुलागो इस्पितळात झाली.

१९५७ साली एके दिवशी मुलांच्या विभागाचे डॉक्टर ह्यू ट्रोवेल यांनी त्यांस एक लहान मुलगा पाहण्यास बोलाविले. मुलाचा चेहरा विद्रूप झाला होता. वरच्या व खालच्या जबड्यास, उजवीकडे व डावीकडे, अशा चार ठिकाणी सूज होती. एखादी गाठ जबड्यास येणे समजण्यासारखे आहे, परंतु एकदम चार ठिकाणी कशी यावी? बर्किट यांस काही उलगडा झाला नाही. काही आठवड्यांनी ते जिंजा गावच्या इस्पितळात गेले होते. तेथे सहज खिडकीबाहेर पाहतात तो, आईजवळ बसलेले दुसरे एक मूल त्यांच्या दृष्टीस पडले, आणि त्याचाही चेहरा तसाच सुजलेला. ते तसेच बाहेर गेले व त्या मुलास तपासले. त्याच्या पोटातही गाठी होत्या. आमच्या मते या चरित्रातील खरा क्षण हाच होय. असे मूल यापूर्वी अनेक डॉक्टरांनी पाहिले होते. पहिले मूल मनात ठेवून ज्याने दुसरे पाहिले, त्यास हे कोडे आहे असे कळले.

ते कंपालास परतले व इस्पितळाची जुनी दप्तरे काढून बसले. जबड्याच्या गाठीने दगावलेल्या मुलांच्या मूत्रपिंडांत, यकृतात व पोटातील इतर अवयवांतही गाठी असत, आणि डॉक्टर त्यांस निरनिराळी नावे देत, असे त्यांस आढळले. हे अनेक रोग नसून एकच रोग आहे असे त्यांनी १९५८ साली एका इंग्रजी मासिकात लिहिले. त्या लेखाकडे प्रथम फारसे कोणी लक्ष दिले नाही. मुलागो येथील रोगनिदानशास्त्रज्ञांनी मग त्या गाठींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून हा लिंफोमाच आहे असे ठरविले. येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. कंपालात मेंगो येथे चर्च मिशनरी सोसायटीचे इस्पितळ १८९७ साली डॉक्टर आल्बर्ट कुक यांनी स्थापिले. तेथील रोग्यांच्या नोंदी इतक्या काळजीने ठेविलेल्या होत्या की, विसाव्या शतकाच्या आरंभीची अशीच मुले पुढे त्या जुन्या कागदांत सापडली. आपल्या मंडळीची रजिस्टरे भरण्याचा ज्या प्रचारक बंधूंस कंटाळा येतो, त्यांस हे वाचून कदाचित धीर येईल.

हा रोग आफ्रिकेत कोठे आहे व कोठे नाही? बर्किट यांनी गाठींची छायाचित्रे असलेली पत्रके छापविली आणि सरकारी व मिशन इस्पितळांकडे टपालाने धाडली. या कामास त्यांस प्रथम जे अनुदान मिळाले ते अवघे पंचवीस पौंडांचे होते. उत्तरे येत गेली तशा ते भिंतीवरच्या आफ्रिकेच्या नकाशात टाचण्या खोवीत गेले. हळूहळू आफ्रिकेच्या मध्यावर एक पट्टा उठून दिसू लागला, आणि त्याचे एक शेपूट पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे मोझांबिकपर्यंत गेलेले दिसले. पट्ट्याच्या कडा कोठे व का संपतात हे टपालाने कळण्यासारखे नव्हते. म्हणून ७ ऑक्टोबर १९६१ रोजी ते स्वतः मोटारीने निघाले. बरोबर दोन डॉक्टर मित्र होते. त्यांपैकी टेड विल्यम्स हे युगांडातील कुलुवा येथील मिशन इस्पितळाचे, आणि यंत्रे दुरुस्त करण्यात हुशार. दुसरे क्लिफर्ड नेल्सन. मोटार जुनी, अडीचशे पौंडांस घेतलेली. दहा आठवड्यांत त्यांनी सुमारे दहा हजार मैलांचा प्रवास केला व पन्नासांहून अधिक इस्पितळांस भेटी दिल्या. रस्ते कसे होते हे आमच्या खेड्यांतून पावसाळ्यात फिरणाऱ्यांनी मनात आणावे. प्रत्येक ठिकाणी तीच छायाचित्रे दाखवावयाची, असे मूल येथे येते काय ते विचारावयाचे, आणि रात्री ते लिहून काढावयाचे.

प्रवासाअंती असे दिसले की उंच, थंड प्रदेशांत हा रोग नाही. आणि ज्या प्रदेशांत पाऊस कमी पडतो तेथेही नाही. विषुववृत्ताजवळ सुमारे पाच हजार फुटांवर तो आढळत नसे. दक्षिणेकडे जावे तसतशी ही मर्यादा खाली येई. थंडी व कोरडेपणा डासांस मानवत नाही. तेव्हा डास एखादा कर्करोगाचा विषाणू पसरवीत असावा, असे बर्किट यांस वाटले. हा तर्क पुढे चुकीचा ठरला, आणि तसे सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. कारण त्या नकाशात खोटे काहीच नव्हते. डास जे नेत होता तो हिवताप होता. झांझिबारसारख्या बेटावर, जेथे हिवताप आटोक्यात आणला गेला होता, तेथे ही गाठ जवळजवळ दिसतच नव्हती. वर्षानुवर्षे हिवतापाने ज्या मुलाचे रक्त गांजले आहे, त्याच्या शरीरातील पहारा ढिला पडतो व एका जातीच्या पांढऱ्या पेशी सारख्या वाढत राहतात, आणि अशा शरीरात दुसराच एक विषाणू आपला डाव साधतो, असा उलगडा पुढे झाला. हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. मूत्रपिंड घेतलेल्या मुलाकडे आम्हांस येथूनच जावयाचे आहे.

टाचणी म्हणजे एक मूल, आणि त्यांतील बहुतेक मुले थोड्या महिन्यांत मरत. जबडा कापून काढणे भयंकर, आणि किरणांची यंत्रे त्या देशात नव्हती. तेव्हा कर्करोगावरील जी नवी औषधे अमेरिकेतून मिळत ती बर्किट यांनी थोड्या थोड्या मात्रेने देऊन पाहिली. काही मुलांच्या गाठी थोड्याच दिवसांत विरघळल्या, आणि काही मुले कायमची बरी झाली. सर्वच वाचली असे नाही. केवळ औषधाने कर्करोग बरा होऊ शकतो हे त्या काळी फार थोड्यांस खरे वाटत असे. ते येथे, गरिबांच्या इस्पितळात, डोळ्यांनी दिसले.

आता विषाणूची हकीकत. २२ मार्च १९६१ रोजी, म्हणजे त्या लांब प्रवासाच्या अगोदर, बर्किट यांनी लंडनच्या मिडलसेक्स इस्पितळात या मुलांविषयी एक व्याख्यान दिले. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन नावाचे एक तरुण संशोधक होते. व्याख्यान संपण्यापूर्वीच त्यांच्या मनाने घेतले की या रोगाच्या मुळाशी विषाणू असला पाहिजे. दोघांचे ठरले, आणि कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने लंडनास जाऊ लागले. दोन वर्षे काही सापडले नाही. १९६३ सालच्या अखेरीस एक विमान धुक्यामुळे लंडनऐवजी मँचेस्टरास उतरले, आणि तुकडा उशिरा पोहोचला. कुपीतील पाणी गढूळ झाले होते, तेव्हा माल सडला असे समजून तो फेकून द्यावयाचा; परंतु एपस्टाइन यांनी थेंबभर पाणी सूक्ष्मदर्शकाखाली धरले. ती सड नव्हती. गाठीतील पेशी सुट्या होऊन पाण्यात जिवंत तरंगत होत्या. अशा पेशी वाढविण्याची युक्ती त्यावरून साधली, आणि १९६४ च्या फेब्रुवारीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून त्यांत विषाणू दिसला. एपस्टाइन, त्रिनिदादचे बर्ट अचोंग व यव्हॉन बार नावाच्या विदुषी, अशा तिघांनी तो जगापुढे मांडला. त्यास एपस्टाइन-बार विषाणू म्हणतात. माणसात कर्करोग उत्पन्न करणारा म्हणून ओळखला गेलेला हा पहिला विषाणू. एपस्टाइन यांस दीर्घायुष्य लाभले. १०२ वर्षांचे होऊन ते २०२४ साली वारले.

अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे हेन्ले पतिपत्नींनी या विषाणूचा पुढे तपास केला, तेव्हा एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली. तो केवळ आफ्रिकेतील मुलांत नव्हता. जगातील शंभर प्रौढ माणसांपैकी नव्वदांहून अधिकांच्या अंगात तो आहे. तो लाळेतून जातो. आई मुलाचा मुका घेते, एका ताटातले खाणे होते, आणि बहुतेकांस तो लहानपणीच येऊन मिळतो. पुष्कळदा साधा तापही येत नाही. एकदा आला की जन्मभर राहतो. एका जातीच्या पांढऱ्या पेशींत तो दडून बसतो, आणि दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी त्याच्यावर रात्रंदिवस पहारा करतात. पहारा जागा आहे तोवर तो बंदिवान आहे.

अवयवारोपणाचा संबंध येथे येतो. २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बॉस्टन येथे डॉक्टर जोसेफ मरे यांनी एका माणसाचे मूत्रपिंड त्याच्या जुळ्या भावास बसविले व ते चालले. दोघे अगदी एका वळणाचे जुळे असल्यामुळे शरीराने ते परके मानले नाही. पण जुळा भाऊ कितीकांस असतो? इतरांचे मूत्रपिंड बसविले तर ते पहारेकरी त्यास शत्रू समजून नष्ट करीत. १९६० नंतरच्या वर्षांत या पहारेकऱ्यांस गुंगी आणणारी औषधे निघाली, आणि तेव्हापासून आईचे, भावाचे किंवा मृत मनुष्याचे मूत्रपिंडही टिकू लागले. आपल्या देशातील पहिले यशस्वी मूत्रपिंडारोपण १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय कॉलेजात झाले, हे वाचकांपैकी काहींस ठाऊक असेल.

परंतु पहारेकरी गुंगला म्हणजे तो एकाच कामात गुंगत नाही. आईच्या मूत्रपिंडाकडे त्याने काणाडोळा करावा म्हणून औषध दिले, तर बंदिवान विषाणूकडेही तो काणाडोळा करतो. १९६८ व १९६९ साली मूत्रपिंड घेतलेल्या रोग्यांस लिंफोमा झाल्याच्या हकीकती प्रसिद्ध होऊ लागल्या. डॉक्टर इझ्रायल पेन यांनी डेन्वर येथे अशा रोग्यांची नोंदवही सुरू केली व पुढे अनेक वर्षे ती चालविली. त्या गाठींपैकी पुष्कळांत शोध केला तो एपस्टाइन-बार विषाणूच सापडला. युगांडातील मुलांत हिवतापाने जे केले होते, ते येथे औषधाने केले. गाठी हुबेहूब एका जातीच्या नाहीत, आणि सर्व गाठींत तो विषाणू असतो असेही नाही. विशेषतः पुष्कळ वर्षांनी उद्भवणाऱ्या गाठींत तो नसण्याचा संभव अधिक. परंतु पहिल्या वर्षात येणाऱ्या गाठींचे मूळ बहुधा तोच असतो.

भय किती, हेही सांगितले पाहिजे. कारण अज्ञानातले भय मोजलेल्या भयापेक्षा नेहमी मोठे असते. मूत्रपिंड घेतलेल्या प्रौढ माणसांत शंभरांपैकी एकदोघांस हा रोग होतो, बाकीच्यांस होत नाही. हृदय किंवा फुप्फुस घेतलेल्यांस अधिक होतो, आणि आतडे घेतलेल्यांस सर्वांत अधिक. तेथे औषधांचा मारा जबर असतो. लहान मुलांस मोठ्यांपेक्षा धोका जास्त. याचे कारण असे की, काही मुलांस तो विषाणू अद्याप भेटलेलाच नसतो. तो प्रथमच देणाऱ्याच्या अवयवाबरोबर आत येतो, आणि त्यास ओळखणारा एकही पहारेकरी तेथे तयार नसतो.

तर मग शेजाऱ्यांच्या कुजबुजीत तथ्य काय? अवयवाबरोबर विषाणू येऊ शकतो, इतके खरे. परंतु तो त्या आईच्या अंगातील दोष नव्हे. कुजबुजणाऱ्या शेजाऱ्यांपैकी बहुतेकांच्या अंगातही तोच विषाणू आहे, आणि हे लिहिणाऱ्याच्या अंगातही असावा. शिवाय त्या मुलाने आईच्या मांडीवर असतानाच तो घेतला असण्याचा संभव अधिक.

गोळ्यांविषयीचा सल्ला मात्र घातक होता. १९८४ साली डॉक्टर थॉमस स्टार्झल व त्यांच्या सोबत्यांनी दाखविले की, अशी गाठ झाल्यावर गुंगीच्या औषधांची मात्रा कमी केली, तर पहारेकरी जागे होतात व काही रोग्यांच्या गाठी आपोआप विरतात. आजही उपायाचा आरंभ पुष्कळदा येथूनच होतो. परंतु मात्रा किती उतरवावी हे रक्त तपासून, मूत्रपिंडावर नजर ठेवून डॉक्टरांनी ठरवावयाचे असते. घरच्या घरी गोळ्या टाकल्या, तर आईने दिलेले मूत्रपिंडच शरीर मारून टाकते, आणि गाठ आली नव्हती तेथे मुलगा जातो. मात्रा कमी करून भागले नाही तर बिघडलेल्या पेशींस नेमके हुडकून मारणारे औषध शिरेतून देतात, आणि कर्करोगाची इतर औषधेही आहेत. निरोगी माणसाच्या रक्तातून या विषाणूस ओळखणाऱ्या पेशी घेऊन, वाढवून, रोग्यास देण्याचा उपायही निघाला आहे. युरोपात अशा एका उपायास २०२२ साली परवानगी मिळाली. गाठ लवकर सापडली म्हणजे हे सर्व सुकर होते. डॉक्टर मान चाचपतात ते एवढ्यासाठी. न दुखणारी व न बसणारी गाठ, उगाच येणारा ताप, रात्री अंथरूण भिजविणारा घाम, उतरत जाणारे वजन, यांपैकी काही दिसले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.

बर्किट साहेबांच्या उरलेल्या आयुष्याविषयी थोडक्यात सांगतो. १९६६ साली ते इंग्लंडास परतले. १९७२ साली रॉयल सोसायटीने त्यांस आपल्यात घेतले, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील लास्कर पारितोषिकही त्यांस मिळाले. नकाशे काढण्याची त्यांची खोड गेली नाही. कोंडा काढून टाकलेले मऊ पांढरे पीठ खाणाऱ्या राष्ट्रांस आतड्याचे जे विकार होतात ते आफ्रिकेतील खेडुतांस का होत नाहीत, असा प्रश्न घेऊन ते जगभर व्याख्याने देत फिरले. सामान्य लोकांत त्यांची कीर्ती झाली ती यामुळेच. आमच्या ज्वारीच्या भाकरीस त्यांनी नावे ठेवली नसती खास. या दुसऱ्या कामातील सर्वच अनुमाने पहिल्याइतकी भक्कम ठरली नाहीत. आपल्या गाठींच्या शोधाचे श्रेय ते मोकळ्या मनाने वाटीत, आणि टपालाने उत्तरे पाठविणाऱ्या अनोळखी मिशन डॉक्टरांचा त्यात मोठा वाटा होता असे मानीत. देवाने आपल्यास वाट दाखविली अशी त्यांची अखेरपर्यंत श्रद्धा होती. २३ मार्च १९९३ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, इंग्लंडात त्यांचे देहावसान झाले.

त्या बाईस आम्ही हे सर्व एका बैठकीत सांगितले नाही. दोन तीन संध्याकाळी लागल्या. कंपाला कोठे आहे असे तिने विचारले, म्हणून शाळेतील नकाशा खाली उतरवून आम्ही तिला दाखविले. मुलगा गोळ्या वेळेवर घेत आहे. पुढल्या महिन्यात त्याची तपासणी आहे, आणि या खेपेस आई त्याच्याबरोबर आत जाणार आहे.